बारा आठवड्यांचा रिपोर्ट आणि बाळाचं वजन: निपाणी भागातलं एक प्रकरण

हे प्रकरण लिहायचं कारण एक प्रश्न. तो आम्हाला आता आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो: "मॅडम, डबल मार्कर केलाय, तर बाळ किती किलोचं हुईल ते सांगा की." डबल मार्कर ही बाराव्या आठवड्याच्या सुमारास होणारी रक्ततपासणी, बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असण्याचा धोका बघायला केलेली. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या अशा तपासण्यांवरून बाळाच्या जन्मवजनाचा अंदाज बांधता येतो, हे लोकांच्या कानावर गेलंय आणि ते अगदीच खोटं नाही. पण कुठल्या कागदावर किती विसंबायचं, हे एका पेशंटच्या बाबतीत टप्प्याटप्प्यानं कसं ठरत गेलं ते इथं मांडतेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या एका गावची सून, वय २४. माहेर कागल तालुक्यात, म्हणजे कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा तीन वर्षांचा, माहेरीच झालेला. त्याचं जन्मवजन घरच्यांच्या सांगण्यानुसार "दोन किलो आणि वर थोडं". जुन्या डिस्चार्ज कार्डाच्या मोबाईलमधल्या फोटोत २,१०० ग्रॅम दिसलं. त्या वेळी दिवस पूर्ण भरले होते की नाही, याची कुठंच नोंद नाही. घरच्यांच्या मते नऊ महिने भरले होते.

उंची १४७ सेंटिमीटर, वजन ३९ किलो, म्हणजे बीएमआय १८. हिमोग्लोबिन ९.६. रक्तदाब १०४/६६. घरी बसून विड्या वळते. निपाणीच्या आसपास तंबाखूची वखार किंवा विडीचं सूप न पाहिलेलं घर शोधावं लागतं, त्यामुळे त्यात नवल काही नाही. मशेरी दिवसातून तीन-चार वेळा, लग्नाआधीपासून. सासूबाईंचीही तीच सवय, त्यामुळे घरात कुणाला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटलीच नाही. आम्हीही "तंबाखू खाता का?" एवढंच विचारलं असतं, तर "न्हाई" हेच उत्तर आलं असतं. "दात कशानं घासता?" असं विचारलं तेव्हा कळलं.

पाळी नियमित. शेवटची पाळी कधी आली, यावर ती ठाम होती: "बेंदराच्या आदल्या दिवशी." आता बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, आमच्या सीमाभागात दोन. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात, महाराष्ट्राचा आषाढात. दोन्हींत साधारण महिन्याचं अंतर. सासरी एक पाळतात, माहेरी दुसरा. आशाताईंनी कार्डावर कर्नाटकी बेंदराची तारीख धरली होती. त्या हिशेबानं दसऱ्याच्या सुमारास ती आमच्याकडे आली तेव्हा चौथा महिना संपला होता. सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, ५५ मिलिमीटर निघाली. एवढी लांबी साधारण १२ आठवडे १ दिवसाच्या बाळाची असते. तिनं सांगितलेला बेंदूर महाराष्ट्राचा होता. त्यावरून मोजले तर १२ आठवडे ५ दिवस. सोळा आठवड्यांचा प्रश्नच उरला नाही.

अडचण

डबल मार्कर निपाणीतल्या एका कलेक्शन सेंटरवर घेतला गेला आणि नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबला गेला. रिपोर्टमध्ये डाऊन सिंड्रोमचा धोका अगदी कमी, खाली हिरवी पट्टी. घरच्यांच्या दृष्टीनं विषय संपला. त्याच कागदावर मात्र एक आकडा होता: पॅप-ए ०.४७ मॉम.

पॅप-ए हे वारेत तयार होणारं प्रथिन. बाळाच्या वाढीला लागणारे इन्सुलिनसारखे वाढ-घटक दुसऱ्या प्रथिनांनी बांधून ठेवलेले असतात. पॅप-ए त्या बांधणाऱ्या प्रथिनांना तोडतं आणि वाढ-घटक मोकळे करतं. म्हणून सुरुवातीलाच ते फार कमी असेल, तर वार नीट रुजत नसावी असा संशय घ्यायला जागा राहते. मॉम म्हणजे त्याच दिवसांच्या, त्याच वजनाच्या सर्वसाधारण बाईच्या मध्यम पातळीशी केलेली तुलना. १ म्हणजे मध्यावर. ०.४ च्या आसपास किंवा खाली गेलं की ते सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांत येतं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या कॉलेजनं २०१३ च्या मार्गदर्शनात ०.४१५ पेक्षा कमी पॅप-एला बाळ लहान राहण्याच्या मोठ्या धोक्यांत गणलं होतं. म्हणजे ०.४७ काठावर, पण अलीकडे. "नॉर्मल" म्हणून फाईलला लावून मोकळं व्हायला हरकत नव्हती.

त्यातच नवऱ्यानं फोन पुढं केला. पुण्यात कामाला असलेल्या चुलतभावानं कुठल्याशा कॅलक्युलेटरमध्ये उंची, वजन, पहिल्या बाळाचं वजन आणि मार्करचे आकडे भरून उत्तर पाठवलं होतं: २,३८० ग्रॅम. किलोही नाही, थेट ग्रॅम.

"एवढं बरोबर सांगतंय म्हंजे काय तरी असणारच की त्यात."

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "आमच्यात समद्यास्नी बारकीच पोरं हुत्यात. पयलं बी बारकंच हुतं, आता बघा कसं पळतंय."

एका बाजूला ग्रॅमपर्यंतचा आकडा, दुसऱ्या बाजूला "आमच्यात बारकीच". आम्हाला ठरवायचं होतं ते एवढंच, की या बाईकडे पुढचे सहा महिने नेहमीसारखं बघायचं की जास्त बारकाईनं.

पहिला निर्णय: कागद पुन्हा वाचायचा

रिपोर्टच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात, जिथं कुणी बघत नाही तिथं, वजन लिहिलं होतं: ५२ किलो. आमच्या काट्यावर ३९. कलेक्शन सेंटरवर काटाच नव्हता. फॉर्म भरणाऱ्यानं अंदाजानं आकडा टाकला.

हे किरकोळ वाटतं, पण पॅप-एच्या बाबतीत नाही. सडपातळ बाईच्या अंगात रक्त कमी, त्यामुळे तेवढंच प्रथिन रक्तात जास्त दाट दिसतं. सॉफ्टवेअर वजनाप्रमाणे ही दुरुस्ती करतं. वजन ५२ सांगितलं की ते कमी पातळीची अपेक्षा धरतं आणि समोर आलेली पातळी त्या मानानं बरी ठरते. खरं वजन ३९ घातलं की अपेक्षा वर जाते आणि तीच पातळी कमी ठरते. लॅबला फोन करून वजन दुरुस्त करायला लावलं. नवा रिपोर्ट दोन दिवसांत आला: ०.३८ मॉम. डाऊन सिंड्रोमचा धोका थोडा वर सरकला तरी कमीच राहिला. पॅप-ए मात्र रेषेच्या पलीकडे गेला.

फॉर्मवर "धूम्रपान: हो/नाही" असा रकाना होता. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत पॅप-ए कमी असतो म्हणून सॉफ्टवेअर त्याचीही दुरुस्ती करतं. मशेरीला रकाना नाही. युरोपातल्या बायकांच्या आकड्यांवर उभं राहिलेलं सॉफ्टवेअर मशेरी कशाला विचारेल! पण मुंबईतल्या बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. आमच्या भागात हा रकाना डाऊन सिंड्रोमच्या पट्टीइतकाच महत्त्वाचा आहे.

त्याच सोनोग्राफीत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी केली. दोन्ही बाजूंचा प्रवाहरोध वरच्या सीमेला टेकलेला, पण सीमेच्या आत. रक्तदाब उत्तम. सगळं एकत्र घालून सॉफ्टवेअरनं वाढ खुंटलेलं बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मण्याचा धोका दिला: ३८ मध्ये १.

"मंजे ३७ जणी ठीकच की," नवरा म्हणाला. गणित त्याचं बरोबर होतं. आकडा फक्त ३७ आठवड्यांआधी जन्मणाऱ्या बाळांबद्दल बोलतोय, हे मात्र त्याला समजावून सांगावं लागलं.

सुरुवातीच्या तपासण्यांतून वजन किती कळतं

इथं थोडं थांबून सांगायला हवं. पॅप-ए, डॉप्लर, रक्तदाब आणि मिळत असेल तर पीएलजीएफ (वारेतलंच आणखी एक प्रथिन) हे सगळं एकत्र केलं की एका गोष्टीचा अंदाज बऱ्यापैकी येतो: वार इतकी कमकुवत आहे का, की आईला लवकर रक्तदाबाचा विकार होईल आणि बाळ लवकर, लहान जन्माला येईल. अशी प्रकरणं थोडी, पण गंभीर. उरलेल्या, दिवस भरून जन्मलेल्या लहान बाळांच्या बाबतीत मात्र या तपासण्या फार कमी सांगतात. पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक बायकांची बाळं नीट वजनाची होतात, आणि लहान बाळांतली बहुतेक पॅप-ए ठीक असलेल्या बायकांच्याच पोटी जन्मतात.

शेवटचं वजन ठरवणाऱ्या गोष्टी बऱ्याच: आईची उंची, गरोदरपणाआधीचं वजन, आधीच्या बाळाचं वजन, तंबाखू, रक्तक्षय, आणि सगळ्यांत मोठी, बाळ कितव्या आठवड्यात जन्मतं. शेवटच्या दोन महिन्यांत बाळ आठवड्याला साधारण २०० ग्रॅम भरतं. म्हणजे दोन आठवड्यांच्या फरकानं ४०० ग्रॅम इकडचे तिकडे. बाराव्या आठवड्यात बसून ग्रॅममध्ये उत्तर देणारं कॅलक्युलेटर बाळ चाळिसाव्या आठवड्यात जन्मेल असं गृहीत धरतं, आणि हे कुठं सांगत नाही. त्यात एक रकाना बाळाच्या लिंगाचाही असतो, कारण मुलगे सरासरी शंभरेक ग्रॅमनं जड भरतात. १९९४ च्या गर्भलिंगनिदानबंदी कायद्यानुसार आपल्याकडे तो रकाना रिकामाच राहतो. चुलतभावानं त्यात काय भरलं होतं ते आम्ही विचारलं नाही. पुढच्या वेळी तो रकाना मोकळा सोडा, एवढं मात्र बजावलं.

आमच्या पेशंटपुरतं बोलायचं, तर ०.३८ हा आकडा आला नसता तरी २,१०० ग्रॅमचं पहिलं बाळ, ३९ किलोची आई आणि मशेरी एवढ्यावरच ती जोखमीत होती. या तिन्ही गोष्टी विचारायला पैसे लागत नाहीत.

पर्याय

नेहमीची तपासणी चालू ठेवायची, हा पहिला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात यायचं, गोळ्या घ्यायच्या, पुढचं पुढं. सासूबाईंना हाच पटत होता.

दुसरा, रात्रीची ॲस्पिरिन. २०१७ च्या ॲस्प्री अभ्यासात जास्त धोक्याच्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्शिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार, ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. आपल्या घराजवळचा पुरावाही आहे. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या, सहा देशांत झालेल्या अभ्यासाचं एक केंद्र बेळगाव होतं. त्यात ८१ मिलिग्रॅमच्या गोळीनं मुदतपूर्व प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आल्या. पण त्या सगळ्या पहिलटकरणी. आमची पेशंट दुसरेपणाची. बाळाच्या वजनावर ॲस्पिरिनचा परिणाम असलाच तर माफक. फक्त पॅप-ए कमी आहे म्हणून ॲस्पिरिन द्यावी का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. आमच्याकडे कारणं एकाहून जास्त होती आणि १६ आठवड्यांच्या आत सुरू करायची मुदत संपत आली होती.

तिसरा, बाळाच्या वाढीवर ठरलेल्या अंतरानं नजर: २२ आठवड्यांना डॉप्लर, मग २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना वजनाची सोनोग्राफी, आणि मध्ये दर भेटीला टेपनं पोटाची उंची.

चौथा, आत्तापासूनच बेळगावला मोठ्या इस्पितळात पाठवणं. निपाणीहून बेळगाव पाऊणशे किलोमीटर, कोल्हापूर चाळीस. विडीचा रोज बुडवून, तीन वर्षांचं पोर काखोटीला मारून ती दर महिन्याला बेळगावला जाईल, असं आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. हा पर्याय सोडला.

काय केलं

ॲस्पिरिन १३ आठवडे २ दिवसांना सुरू केली, रात्री जेवणानंतर ७५ च्या दोन. रक्तक्षयासाठी लोहाची गोळी दिवसातून दोनदा. चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियम, पण लोहाबरोबर नाही; दोन्ही एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही. नवऱ्यानं डबीवर खडूनं खुणा केल्या: सकाळ, दुपार, रात्र. दुपारचं जेवण अंगणवाडीत. कर्नाटकात मातृपूर्णा योजनेत २०१७ पासून गरोदर बायकांना गरम जेवण, अंडं आणि दूध मिळतं. ती पहिल्या महिन्यात गेलीच नाही, "लोक काय म्हणतील" म्हणून. मग आशाताई स्वतः दोन दिवस घेऊन गेल्या.

मशेरी हा सगळ्यांत चिवट भाग. "ती सोडली की सकाळी पोट साफ हुईत न्हाई," हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही एकदम बंद करायला सांगितलं नाही, आधी दुपारची आणि रात्रीची. सासूबाईंना वेगळं बसवून सांगितलं, "मावशी, तुम्ही तिच्यासमोर डबी उघडू नका." त्या हसल्या, पण ते पाळलं. पाचव्या महिन्यात सकाळची एक वेळ उरली होती. ती कधी सुटली ते नक्की सांगता येत नाही. विड्या वळणं पाचव्या महिन्यानंतर अर्ध्यावर आलं. पूर्ण थांबवणं घराला परवडणारं नव्हतं.

दुसरा मोठा निर्णय तारखेचा. पाळीवरून आणि सीआरएलवरून येणाऱ्या तारखांत चार दिवसांचा फरक होता. सात दिवसांच्या आत फरक असेल तर पाळीची तारीख कायम ठेवायची, असा आमचा नियम. इथं एक मेख आहे. सीआरएल थोडी कमी असणं हीच कधीकधी बाळ लहान राहण्याची पहिली खूण असते. तारीख मागं-पुढं करून आपण तो फरक कागदावरून पुसून टाकतो, आणि मग बाळ "तारखेप्रमाणे" दिसू लागतं. म्हणून पाळीची तारीख ठेवली आणि सीआरएल चार दिवस मागं असल्याची वेगळी नोंद केली.

संक्रांतीनंतर ती माहेरी जाणार होती. सीमाभागातली बाळंतपणं इथंच निसटतात. कर्नाटकचं तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, कागलच्या उपकेंद्रात दाखवलं तर त्यातल्या कन्नड नोंदी तिथं वाचायच्या कुणी? तिथं नवं माता-बाल संरक्षण कार्ड निघतं, नवी तारीख पडते, आधीचं सगळं मागं राहतं. आम्ही मराठीत एक पान लिहून कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं. त्यातल्या मधल्या ओळी अशा: "तारीख १२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत पक्की झाली आहे. पुढच्या सोनोग्राफीत बाळ कमी दिवसांचं दिसलं तर तारीख बदलू नये. बाळाची वाढ कमी आहे असं समजून फोन करावा. ॲस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत चालू ठेवावी." खाली नंबर, शिक्का.

कागलकडचा फेब्रुवारी

२२ आठवड्यांचा डॉप्लर ठीक होता, तेव्हा थोडं हायसं वाटलं. २८ आठवड्यांची सोनोग्राफी झालीच नाही. माहेरी पोचल्यावर पंधरा दिवस लग्नाच्या गडबडीत गेले. गोळ्यांचंही तसंच. शेजारच्या बाईनं "रक्त पातळ करणारी गोळी बाळंतपणात नडते" असं सांगितलं आणि तिनं आठवडाभर ॲस्पिरिन बंद ठेवली.

३२ आठवड्यांना माहेरच्यांनी जवळच्या सोनोग्राफी सेंटरवर नेलं. रिपोर्टमध्ये डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांच्या मापांची सरासरी ३० आठवडे १ दिवस. अंदाजे वजन १,४८० ग्रॅम. आणि तळाला "सोनोग्राफीनुसार प्रसूतीची तारीख" दोन आठवड्यांनी पुढं गेलेली. घरी सांगितलं गेलं, "तारीख पुढं गेलीय, काळजीचं कारण न्हाई."

हे आम्ही वारंवार बघतो. मशीन मापं घेतं आणि "हे बाळ एवढ्या आठवड्यांचं दिसतं" असं सांगतं, एवढंच तिचं काम. बत्तिसाव्या आठवड्यात त्यावरून तारीख ठरवली की बाळ कधीच लहान ठरत नाही, कारण प्रत्येक लहान बाळ मग "कमी दिवसांचं" होतं. बाराव्या आठवड्यात पॅप-ए, डॉप्लर, सॉफ्टवेअर यांचा एवढा खटाटोप करून हाती लागलेलं सगळं या एका छापील ओळीत वाहून जातं.

उपकेंद्रातल्या सिस्टरनी पाकिटातला कागद वाचला आणि फोन केला. दोनच प्रश्न विचारले: आधीची तारीख कुठल्या सोनोग्राफीवरून, आणि सीआरएल किती. उत्तरं ऐकून त्या म्हणाल्या, "मग हे बाळ दोन आठवडे मागं आहे." ३२ आठवड्यांना १,४८० ग्रॅम म्हणजे दहाव्या पर्सेंटाइलच्या (त्याच दिवसांच्या शंभर बाळांतल्या सगळ्यांत लहान दहांच्या रेषेच्या) बरंच खाली, आणि डोक्याच्या मानानं पोटाचा घेर जास्त मागं. वारेकडून कमी पोचतंय, याची ही ओळखीची खूण.

तिथून कोल्हापूरच्या सरकारी इस्पितळात. नाळेतला प्रवाह चांगला होता, म्हणून तातडी नव्हती. दर पंधरा दिवसांनी डॉप्लर, दर आठवड्याला बाळाच्या ठोक्यांचा आलेख, आणि आईला रोज बाळाची हालचाल मोजायला सांगितलं. ३६ आठवड्यांना अंदाजे वजन २,०८० ग्रॅम, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या आसपास. सोनोग्राफीच्या वजनात दहा टक्के इकडंतिकडं धरावं लागतं, त्यामुळे ते १,९०० ही असू शकलं असतं, २,३०० ही. बाळाच्या मेंदूकडच्या रक्तप्रवाहाचं नाळेशी गुणोत्तर थोडं उतरलं होतं, म्हणजे बाळ रक्त मेंदूकडे वळवू लागलं होतं. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण करायचं ठरलं.

सासर कर्नाटकात म्हणून बेळगावला न्यावं, असा आग्रह नवऱ्यानं एकदा धरला. कार्ड तिकडचं, तर पैसे इथं भरावे लागतील ही भीती. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी इस्पितळात बाळंतपण, औषधं, जेवण आणि घरी सोडणं मोफत आहे, कार्ड कुठल्याही राज्याचं असो, हे सांगितल्यावर तो प्रश्न मिटला.

निकाल

३७ आठवडे ३ दिवसांना जेल लावून कळा आणल्या, दुसऱ्या दिवशी साधं बाळंतपण. मुलगी, २,३१० ग्रॅम. लगेच रडली. दोन तासांनी साखर ४१. अंगावर पाजून आणि चीक चमच्यानं देऊन ५६ वर आली. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही. चार दिवस कांगारू पद्धतीनं आईच्या छातीशी, मग घरी. वार ३६० ग्रॅमची, लहान आणि कडेला दोन-तीन ठिकाणी पांढुरकी, मेलेल्या भागांची. आईचा रक्तदाब शेवटपर्यंत वर गेला नाही.

नवऱ्याचा फोन आला तो थेट याच वाक्यानं: "बघा मॅडम, २,३८० सांगितलं हुतं, २,३१० भरलं. कॅलक्युलेटर बरोबरच निघाला की."

वरवर बघता तो जिंकलाच होता. पण त्या कॅलक्युलेटरनं २,३८० सांगितलं होतं ते ४० आठवड्यांच्या बाळासाठी, चुकीचं ५२ किलो वजन आणि ०.४७ चा पॅप-ए घालून, मशेरी वगळून. बाळ अडीच आठवडे आधी जन्मलं. आत राहिलं असतं, तर या वारेवर तेवढं भरलं असतं की पोटातच संकटात सापडलं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. चुका एकमेकींना छेद देऊन गेल्या आणि आकडा जुळला. सॉफ्टवेअरचा ३८ मध्ये १ सुद्धा तांत्रिकदृष्ट्या ३८ मधल्या त्या ३७ जणींत गेला. बाळ ३७ आठवड्यांनंतर जन्मलं ना. उद्या कुणी या दोन आकड्यांवरून सुरुवातीची तपासणी किती अचूक हे मोजायला बसलं, तर एकाला पूर्ण गुण मिळतील, दुसऱ्यालाही, आणि दोन्हींतून काही कळणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वजन. कलेक्शन सेंटरवर अंदाजानं आकडा घालणं थांबवणं आपल्या हातात नसेल, तर मार्करच्या चिठ्ठीवरच वजन, उंची आणि सीआरएल लिहून द्यावं. आता आम्ही तसं देतो. तरी परवा एका रिपोर्टवर परत गोल ५० आला होता.

२८ आठवड्यांची हुकलेली भेट हा या प्रकरणातला सगळ्यांत कच्चा दुवा. ती माहेरी जाणार हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. पेशंटच्या हाती कागद दिला. त्याबरोबर कागलच्या आशाताईंना आधीच फोन केला असता, तर लग्नाच्या गडबडीतही कुणीतरी टेप घेऊन घरी गेलं असतं. टेपनं पोटाची उंची २४ आठवड्यांपासून सेंटिमीटरमध्ये लिहिली, तर वाढ मंदावल्याचं बत्तिसाव्याच्या आधी दिसण्याची बरीच शक्यता होती. दोन राज्यांच्या आशाताईंनी एकमेकींचे नंबर ठेवणं हा कुठल्याही योजनेत न बसणारा उपाय आहे, आणि आमच्या भागात तोच चालतो.

ॲस्पिरिनबद्दल शेजारणीच्या आधी आम्ही बोलायला हवं होतं. गोळी का, किती दिवस, बाळंतपणात रक्त जास्त जाईल का, हे तीन प्रश्न प्रत्येक घरात येतातच. त्यांची उत्तरं कागदावर नव्हती, फक्त "चालू ठेवावी" एवढंच होतं. ॲस्पिरिननं या बाळाला किती मदत केली हे एका प्रकरणावरून ठरवता येत नाही. आठवडाभराच्या खंडानं किती नुकसान झालं, तेही नाही. रक्तदाब वाढला नाही, याचं श्रेय गोळीला द्यावं असा मोह मला होतो. पण तिचा रक्तदाब पहिल्या खेपेलाही वाढला नव्हता.

डबल मार्कर करायलाच हवा होता का, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझे सहकारी म्हणतात, दोन हजारांच्या घरात पैसे गेले आणि निर्णय शेवटी पहिल्या बाळाच्या वजनावर, मशेरीवर आणि सीआरएलवरच झाले असते. माझं म्हणणं, ०.३८ नसता तर ॲस्पिरिन १३ आठवड्यांना सुरू झाली नसती आणि मराठीतला तो कागद कदाचित लिहिलाच गेला नसता. जोखीम आकड्यात दिसल्याशिवाय आपण हातपाय हलवत नाही. ते यावर हसतात आणि म्हणतात, मग पैसे पेशंटनं का द्यायचे, तुमच्या आळसाचे?

बाळ सहा आठवड्यांचं झालं तेव्हा ३,६०० ग्रॅम होतं. आईनं कॉपर-टी बसवून घेतली. पुढच्या बाळंतपणात, ते झालंच तर, फाईलच्या पहिल्या पानावर दोन जन्मवजनं, दोन्ही वेळचे आठवडे आणि "मशेरी" हा शब्द लाल शाईनं लिहिलेला असेल. मार्करचा रिपोर्ट त्यामागं.